रानकुत्र्यांच्या टोळीसमोर अस्वल सापडलं तर नेमकं काय होतं?

प्रश्न असा होता की दहा-बारा रानकुत्र्यांनी एकट्या अस्वलाला घेरलं तर जिंकणार कोण, आणि पुढे असंही विचारलंय की रानकुत्र्यांना वाघसुद्धा टरकतो म्हणतात, मग अस्वलाचा टिकाव कसा लागेल. मी बावीस वर्षं विदर्भातल्या जंगलात काम करतोय, आधी गाईड होतो, मग बरीच वर्षं कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) कामावर होतो आणि आता नवीन गाईड पोरापोरींना शिकवतो. एवढ्या वर्षांत रानकुत्रे आणि अस्वल एकमेकांसमोर आलेले मी सात वेळा बघितलेत, नोंदवहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा सगळं लिहिलेलं आहे. सातच्या सात वेळा मोठं अस्वल स्वतःच्या पायाने निघून गेलं. आणि एकाही रानकुत्र्याला साधा ओरखडा उठलेला मला दिसला नाही. त्यामुळे व्हिडिओवर जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, महायुद्ध, थरार वगैरे, तसं बहुतेक वेळा नसतं, पण म्हणून तिथे काही घडतच नाही असं समजू नका, खूप काही घडत असतं, फक्त बघायचं कुठे ते माहीत पाहिजे.

बघायचं अस्वलाच्या मागे. दात, नखं, गुरगुरणं हे सगळं समोर असतं म्हणून आपली नजर तिथेच अडकते, पण रानकुत्र्यांची नजर कधीच तिथे नसते. अस्वलाच्या ढुंगणामागे खडक आहे, झाडाचं खोड आहे, गच्च झुडूप आहे की नुसतं उघडं मैदान आहे, यावर त्या भेटीचं पुढे काय होणार ते ठरतं. मागे आडोसा असला की समोर सात रानकुत्रे असोत नाहीतर सतरा, त्यांना धडधाकट अस्वलाचं काही वाकडं करता येत नाही. उघड्यावर सापडलं आणि त्यातून सोबत पिल्लू असलं की गोष्ट बदलते.

हे का ते कळायला आधी रानकुत्रा मारतो कसा ते बघायला लागेल. रानकुत्रा म्हणजे आपल्याकडे कोणी कोळसून म्हणतं, कोणी कोळसुंदा, हल्ली पोरं ढोल म्हणतात. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, गोल कान, वजन साधारण १२ ते २० किलो, म्हणजे गावातल्या बऱ्यापैकी कुत्र्याएवढाच. भुंकत नाही, शीळ घातल्यासारखा आवाज काढतो, आणि झाडोऱ्यात पांगलेली टोळी त्या शिळेवर एकमेकांना धरून असते. वाघ-बिबट्या नरडं धरून जीव जाईपर्यंत आवळून ठेवतात, रानकुत्र्याकडे तसा एकट्याचा मारायचा डाव नाही. त्याचा डाव म्हणजे पळवणं. भक्ष्य पळालं की मागून मांड्या, कुशी, पोट जिथे मिळेल तिथे फाडायचं, एकाने नाक धरायचं, बाकीच्यांनी मागचं काम करायचं, आणि जनावर रक्त जाऊन खाली बसेपर्यंत खायला सुरुवातही झालेली असते. हे बघायला फार वाईट वाटतं, मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, पण चितळासारखं जनावर यात काही मिनिटांत संपतं. याच पद्धतीमुळे इंग्रजांच्या काळी रानकुत्र्याला शिकारीचा शत्रू ठरवून मारायला बक्षीस लावलं होतं, आणि ते आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत चालू होतं. जगात पिल्लांना जन्म देतील असे मोठे रानकुत्रे ९४९ ते २२१५ एवढेच उरलेत असा अंदाज २०१५ साली आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दिला होता. वाघाबद्दल सगळे बोलतात, यांच्याबद्दल बोलणारे फार थोडे आहेत आणि मला ते मनापासून लागतं.

तर मुद्दा असा की या सगळ्या पद्धतीचा पाया म्हणजे समोरचा पळाला पाहिजे. सांबर पळतं आणि मग पाण्यात जाऊन उभं राहतं, छातीभर पाण्यात सांबर उभं राहिलं की टोळी काठावर ताटकळते हे नागझिऱ्याला, ताडोब्याला ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत असेल. पाण्यातल्या सांबराची मांडी त्यांना धरता येत नाही म्हणून. अस्वल तर सहसा पळतच नाही.

अस्वल पळत का नाही? आपल्याकडचं अस्वल वाघासोबत वाढलेलं जनावर आहे. हिमालयातलं काळं अस्वल धोका दिसला की झाडावर चढतं, पिल्लालाही चढवतं. आपलं अस्वल मधासाठी झाडावर चढतं, चांगलं चढतं, पण जीव वाचवायला सहसा चढत नाही, कारण आपल्या जंगलात झाडावर बिबट्याही चढतो आणि त्यात काही राम नाही. मग उरतं काय तर जागेवर उभं राहून समोरच्याच्या अंगावर जाणं. त्यात अस्वलाला दिसतं कमी, ऐकूही बेताचंच येतं, सगळा कारभार नाकावर, त्यामुळे वारा उलटा असला तर धोका अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही आणि मग ते एकदम उसळतं. मोहफुलं वेचायला गेलेल्या आपल्या माणसांवर जे हल्ले होतात ते बहुतेक असेच होतात, त्यावर शेवटी लिहितो.

अंगाने बघा. मोठा नर ८० ते १४० किलो, मादी ५५ ते ९५. पुढच्या पायाची नखं सात-आठ सेंटीमीटर, फिकट पांढरी, थोडी बोथट, वारूळ फोडायला बनलेली. वारुळाची उन्हाळ्यातली माती कशी असते, कुदळ मारली तरी ठिणगी उडावी अशी, ती हे नखांनी उकरतं, तर तो पंजा १५ किलोच्या कुत्र्याच्या तोंडावर बसला तर काय होईल ते समजून घ्या. तोंडात वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून उधई ओढून घेतं, तो आवाज रात्री शंभर मीटरवरून ऐकू येतो, पण सुळे मात्र भक्कम असतात. गंमत म्हणजे अस्वलाच्या तोंडात या दोन दातांमुळे ४२ चे ४० झालेत आणि रानकुत्र्याच्या खालच्या जबड्यात दोन्हीकडची शेवटची दाढ नसल्याने त्याचेही ४० च. एकाचे दात कमी झाले किडे ओढायला, दुसऱ्याचा जबडा आखूड झाला मांस कापायला.

आणि केस. मानेवर आणि खांद्यावर अस्वलाला एवढे लांब केस असतात की तिथे चावणाऱ्याच्या तोंडात आधी केसांचा बुचका येतो, त्याखाली कातडीही सैल. मागे मांड्यांकडे मात्र केस तेवढे दाट नसतात. रानकुत्रे मागेच का जातात ते इथे कळतं.

आता एक प्रसंग सांगतो जो मी सगळ्यात नीट बघितलाय. बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजतात ते तुम्हाला माहीत असेल, दुपारी बसायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. मे महिना, ऊन असं की मचाणाचा बांबू हाताला चटका देत होता. समोर तीस-पस्तीस मीटरवर सोलर पंपावरचा सिमेंटचा पाणवठा, त्याच्या डाव्या अंगाला ऐनाचं एक जुनं झाड, उजवीकडे रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची जाळी. साडेपाचच्या सुमारास सात रानकुत्रे आले, पाणी प्यायले आणि त्यातले तीन सरळ पाण्यात जाऊन बसले, त्यांना पाण्यात बसायला भारी आवडतं. दहा मिनिटं गेली असतील, ऐनाच्या बाजूने अस्वलाची मादी आली, पाठीवर दोन पिल्लं. खाली मान घालून आपल्याच नादात येत होती. वारा तिच्याकडून पाण्याकडे वाहत होता म्हणजे रानकुत्र्यांना तिचा वास आधी लागला, तिला त्यांचा नाही. सगळे उठले. पाण्यात बसलेले बाहेर आले, अंग झटकलं, आणि त्या झटकण्याच्या आवाजाला तिने मान वर केली.

पहिला अर्धा मिनिट कोणीच हललं नाही. मग ती दोन पायांवर उभी राहिली. लोकांना वाटतं अस्वल उभं राहिलं म्हणजे हल्ला करणार, तसं नाही, बऱ्याचदा ते वास घ्यायला आणि अंदाज घ्यायला उभं राहतं. पाठीवरची पिल्लं खांद्यावरच्या केसांना अशी चिकटली की मला दुर्बिणीतूनही दोन वेगवेगळी दिसेनात, एकच काळा गोळा. दोन रानकुत्रे तिच्या तोंडासमोर येऊन मागेपुढे नाचायला लागले, शेपट्या वर, आणि बाकीचे सुट्टे सुट्टे बाजूने पसरले. समोरचे दोघं चावायला आलेले नव्हतेच, त्यांचं काम फक्त तिचं तोंड आपल्याकडे ठेवणं. एक जरा बारकी मादी होती ती लांबून वळसा घेऊन मागे गेली. अस्वलीने ते बघितलं की हुंगलं मला माहीत नाही, पण ती गर्रकन फिरली आणि असा आवाज काढला की माझ्या शेजारी बसलेल्या पोराने माझा दंड घट्ट धरला. मागचा कुत्रा उडी मारून बाजूला. ती फिरली तसे समोरचे दोघं आता तिच्या मागे झाले, ती परत फिरली. असं तीन वेळा झालं.

आणि मग तिने जे केलं ते मी अजून दरवर्षी नव्या गाईडना सांगतो. ती तोंड त्यांच्याकडेच ठेवून मागे मागे सरकत गेली, पाच-सहा मीटर, आणि ऐनाच्या खोडाला ढुंगण टेकवून बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसली, मागचे पाय पसरून. बस्स, त्या क्षणाला रानकुत्र्यांमधला सगळा जोर निघून गेला. दोघं तिथेच आडवे झाले. एकाने जांभई दिली. एक जण पिल्लाच्या वासाने थोडा पुढे सरकला तशी ती दणकन त्याच्या अंगावर गेली, चारही पायांवर, पाच-सात मीटर, आणि मला वाटलं आता ती पाठलाग करणार, पण नाही, तो सुटला तशी ती लगेच वळून परत खोडाशी. त्याच जागेवर. ती त्याला पकडायला गेलीच नव्हती, तिला फक्त मधली जागा मोकळी करून हवी होती. माझ्या घड्याळाप्रमाणे हे सगळं अकरा मिनिटं चाललं. नंतर रानकुत्रे एकेक करून शीळ घालत नाल्याकडे उतरून गेले, तिने पाणी प्यायलं, चांगलं वेळ घेऊन प्यायलं, आणि पाठीवर पिल्लं घेऊन रायमुनियात शिरली.

यात जिंकलं कोण? अस्वलीला पाणी मिळालं, पिल्लं वाचली. रानकुत्र्यांनी काय गमावलं, काहीच नाही, त्यांचं पाणी पिऊन झालेलं होतं. रानकुत्र्याचा हिशोब एकदम साधा असतो, जखम परवडत नाही. त्याचा पाय मोडला की तो दुसऱ्या दिवशी टोळीसोबत धावू शकत नाही, जबडा दुखावला की खाऊ शकत नाही, आणि ज्या जंगलात चितळ भरपूर आहे तिथे अस्वलाशी झटापट करून एक भिडू गमावणं याला काही अर्थ नाही. मग ते छेडायला तरी का जातात असं विचाराल तर माझ्या मते कारणं तीन-चार आहेत आणि भूक त्यात बरीच खाली येते. वर्षा-दीड वर्षाची तरुण पोरं टोळीत असली की ती कशालाही छेडतात, रानडुकराला, बिबट्याला. दुसरं म्हणजे अस्वलाचं पिल्लू. आणि तिसरं, जे लोक विसरतात, ते म्हणजे घर.

घराचं जरा सविस्तर सांगतो कारण माझ्या सातपैकी तीन भेटी त्यातल्याच आहेत. अस्वलाला पिल्लं होतात साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, कपारीत किंवा गुहेत, आणि दोन-अडीच महिन्यांनी आई त्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढते. रानकुत्र्यांचीही पिल्लं थंडीतच होतात, आणि त्यांनाही जागा लागते ती तशीच, खडकाची कपार, नाल्याच्या काठाचं बीळ, साळिंदराने सोडलेलं घर. म्हणजे त्याच महिन्यांत त्याच टेकाडावर दोघांनाही लहान बाळं. रानकुत्र्यांची टोळी एरवी दिवसभर सात-आठ किलोमीटर सहज फिरेल पण पिल्लं बिळात असताना ती बांधली जाते, शिकार करून परत येऊन पिल्लांपुढे मांस ओकून टाकतात, एक-दोन जण राखणीला मागे थांबतात. अशा बिळाजवळून अस्वल गेलं तर जे होतं ते पाणवठ्यावरच्या सारखं खेळीमेळीचं नसतं, चारच रानकुत्रे असले तरी ते अस्वलाला पार पुढच्या नाल्यापर्यंत घालवून येतात, मांड्यांना चावे घेत घेत, आणि अस्वलही तिथे थांबत नाही, त्याला त्या बिळात काही रस नसतो. मी एकदा जानेवारीत सकाळी मोठा थोराड नर असा घालवलेला बघितलाय, शंभर-सव्वाशे किलोचा, आणि घालवणारे होते फक्त चार. ती क्लिप कोणी पाहिली असती तर म्हणाला असता बघा रानकुत्रे अस्वलाचा बाप. आणि पाणवठ्यावरची पाहिली असती तर म्हणाला असता अस्वल सातांना भारी. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीतून तुमच्या प्रश्नाचं उत्तर निघत नाही.

उलट बाजूने रानकुत्रे अस्वलाला गुहेत शिरू द्यायला बघत नाहीत, गुहेच्या तोंडाशी आडवे येतात, असं जुन्या शिकाऱ्यांच्या काळापासून सांगितलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे, कारण एकदा अस्वल उलट्या पावलाने कपारीत शिरलं की बाहेर फक्त नखं आणि दात उरतात.

आता वाईट प्रसंग. मार्चची सुरुवात, सकाळी सात-सव्वासात. जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत जाळून मोकळा ठेवतात तो पट्टा, नुकतीच जाळून झाली होती, दोन्हीकडे काळी जमीन, गवताचं पान नाही, झुडूप नाही. डाव्या कानाची कड फाटलेली एक मादी आमच्या ओळखीची होती, तिच्यासोबत आदल्या वर्षीची दोन पिल्लं, आता मोठी झालेली, पाठीवर दोन्ही मावत नव्हती, एक वर बसायचं आणि एक खाली चालायचं. नऊ रानकुत्रे मागे. ती त्या उघड्या पट्ट्यावर सापडली आणि पहिल्यांदाच मी अस्वल रानकुत्र्यांपुढे धावताना बघितलं, कारण तिला पलीकडच्या बांबूपर्यंत पोचायचं होतं आणि मधे पाठ टेकायला काही नव्हतंच. खालचं पिल्लू मागे पडायचं, ती वळून अंगावर जायची, रानकुत्रे पांगायचे, ती परत धावायची, तेवढ्यात पाठीवरचं घसरायचं. राखेची धूळ एवढी उडाली की शेवटचं आम्हाला नीट दिसलंच नाही, सगळे बांबूत शिरले, आवाज आले, मग थांबले. आमच्या जिप्सीत चौघं होतो, परतीच्या वाटेवर कोणी एक शब्द बोललं नाही.

पंधरा दिवसांनी कॅमेऱ्यात ती फाटक्या कानाची मादी आली, पाठीवर एक पिल्लू. दुसरं नाही. नोंदवहीत मी "पिल्लू दिसत नाही" एवढंच लिहिलं, "रानकुत्र्यांनी मारलं" असं लिहिलं नाही, कारण मी ते डोळ्यांनी बघितलं नाही आणि पंधरा दिवसांत बिबट्याही होता, वाघही होता. पण त्या सकाळी ती बांबूत शिरली तेव्हा तिच्या मांडीवर रक्त होतं ते बघितलंय. गाईड पोरांना हे मुद्दाम सांगतो की जे दिसलं तेवढंच लिहायचं. याच्यात एक-एक शब्द वाढवत गेलं की "टोळीने अस्वल फाडून खाल्लं" इथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मोठं निरोगी अस्वल रानकुत्र्यांनी मारणं ही अगदीच अपवादाची गोष्ट आहे.

वाघाचं म्हणता तर ते असं आहे की वाघ रानकुत्र्यांना टरकतो हे अर्धवट आहे. मोठी टोळी असेल तर वाघ कटकट नको म्हणून बाजूला होतो, कधी शिकारही सोडतो, पण एकटा-दुकटा रानकुत्रा पंज्याखाली आला तर तो संपलाच. आणि वाघ अस्वलालाही मारतो, चांगली मोठी अस्वलं मारतो, कारण वाघ दबा धरून मागून येतो, अस्वलाला पाठ टेकायला वेळच देत नाही. तरी समोरासमोर आलं तर वाघालाही ते सोपं जात नाही. २०१८ साली ताडोब्यात मटकासुर नावाच्या वाघाची आणि पिल्लू असलेल्या अस्वलीची जी झटापट झाली ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हिडिओत बघितली असेल, वाघाने तिला खाली दाबलेलं असतानाही ती सुटली आणि उलटून त्याच्या अंगावर गेली. ते बघितल्यावर १५ किलोचा रानकुत्रा तिच्या तोंडासमोर का जात नाही ते वेगळं सांगायला नको.

काही जण अमेरिकेतल्या लांडगा आणि ग्रिझली अस्वलाच्या क्लिपा दाखवून इथलं ठरवायला जातात, त्याने गोंधळ होतो. यलोस्टोनमध्ये १९९५ ला लांडगे परत आणले तेव्हापासून तिथे लांडगे एल्क नावाचं मोठं हरीण मारतात आणि ग्रिझली येऊन ते हिसकावतो, म्हणजे भांडण मांसावरून आहे आणि त्यात बहुतेक वेळा अस्वल वरचढ ठरतं. आपलं अस्वल मुख्यतः उधई, मुंग्या, मध, मोहफुलं, तेंदू, बोरं, जांभळं, बहाव्याच्या शेंगा यावर जगतं, मेलेलं जनावर दिसलं तर तोंड लावेल पण त्यासाठी टोळीशी भांडायला येणार नाही. त्यामुळे आपल्याकडे या दोघांना एकमेकांशी रोज भांडायचं कारणच नाही. शिवाय रानकुत्रे दिवसाचे, सकाळ-संध्याकाळचे, आणि अस्वल जास्त करून रात्रीचं, गाठ पडते ती उन्हाळ्यात पाण्यावर आणि थंडीत सकाळी. आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या रानकुत्र्यांबद्दलही विचारलंय, तर आफ्रिकेत आज रानात अस्वल नाहीच.

मेळघाट, पेंच, ताडोबा, नागझिरा इथलं मी स्वतः बघितलेलं सांगतोय. सह्याद्रीत चांदोली, राधानगरी, तिलारी, खाली गोव्यात म्हादईपर्यंत दोन्ही प्राणी आहेत पण तिथलं जंगल एवढं दाट की अस्वलाला पाठ टेकायला जागा शोधावी लागत नाही.

दोन ऐकीव गोष्टींचं उत्तर देतो कारण दोन्ही प्रश्नात आल्यात. रानकुत्रे शेपटीवर लघवी घेऊन भक्ष्याच्या डोळ्यात उडवतात आणि आंधळं करतात, हे माझ्या आजोबांनी मलाही सांगितलेलं. ते खरं नाही. लघवी आणि विष्ठा ते हद्द आणि हजेरी दाखवायला वापरतात, वाटांच्या फाट्यावर सगळी टोळी एकाच जागी विष्ठा टाकते, तिथे थांबून बघितलं तर त्यात चितळाचे केस दिसतील. आणि अस्वल गुदगुल्या करून मारतं हेही खरं नाही, अस्वल डोक्यावर आणि चेहऱ्यावर मारतं. ज्यांनी अस्वलाच्या हल्ल्यातला माणूस दवाखान्यात नेलाय ते हा शब्द परत तोंडातून काढत नाहीत.

आता तुमच्यातल्या एकाने व्हिडिओ पाठवलाय त्याबद्दल. त्यात रानकुत्रे नाहीतच, ती गावातली मोकाट कुत्री आहेत, शेपटी वळलेली आहे, रंग वेगवेगळे आहेत, आणि ती भुंकतायत. रानकुत्रा भुंकत नाही हे वर लिहिलंच. जंगलाच्या कडेला उकिरड्यावर वाढलेल्या अशा टोळ्या आता वाढल्यात आणि त्या अस्वलाच्या मागे रानकुत्र्यांपेक्षा जास्त लागतात, कारण त्यांना उपाशी मरायची भीती नसते, संध्याकाळी गावात खायला मिळणारच असतं. याच कुत्र्यांकडून डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक साथीचा रोग) आणि रेबीज रानकुत्र्यांच्या टोळीत जाऊ शकतो, आणि टोळी एकमेकांची तोंडं चाटणारी असल्याने एकाला झालं की सगळ्यांना होऊ शकतं. गावातल्या कुत्र्यांचं लसीकरण ही रानकुत्र्यांसाठी आज करता येण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि हेच माणसाच्याही जिवाशी येतं. मोहफुलांच्या दिवसात बरेच जण सोबतीला घरचा कुत्रा नेतात, वाटतं तो अस्वलाला हुसकेल. होतं उलटंच. कुत्रा अस्वलाला जाऊन डिवचतो, अस्वल उलटलं की कुत्रा शेपूट घालून मालकाकडे पळत येतो आणि मागोमाग अस्वल. रानकुत्र्याला टोळी आहे, मोकळी जागा आहे, तो बाजूला उडी मारून सुटतो, आपल्याला ते जमत नाही. कुत्रा घरी बांधून ठेवा, तीन-चार जण मिळून जा, मोठ्याने बोलत जा म्हणजे त्याला लांबूनच कळेल, आणि पूर्ण उजाडल्याशिवाय झाडाखाली जाऊ नका. समोर आलंच तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरकायचं, मधे मोठं खोड आलं तर त्याच्या आडोशाला जायचं. अंगावर आलंच तर पोटावर पालथं पडायचं, तोंड जमिनीत, दोन्ही हात मानेमागे घट्ट, टोपली जवळ असेल तर डोक्यावर, आणि ते लांब गेल्याचा आवाज येईपर्यंत हलायचं नाही.